मुंगसाचे केस आणि मोजदादीचा प्रश्न

३ सप्टेंबर २०२४ रोजी जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने जाहीर केले, की अमामी ओशिमा या बेटावर आता एकही मुंगूस उरलेले नाही. जवळपास पाव शतक चाललेल्या मोहिमेची ती सांगता होती. या मोहिमेत हजारो सापळे लावले गेले, शेकडो स्वयंचलित कॅमेरे बसवले गेले, वासावरून माग काढणारे कुत्रे तयार केले गेले आणि तीस हजारांहून अधिक मुंगसे पकडून मारली गेली. एवढ्या मोठ्या बेटावरून मुंगूस हटवण्याचे हे काम संवर्धनाच्या क्षेत्रात दुर्मीळ यश मानले गेले.

मुंगसे भारतातही पकडली आणि मारली जातात. त्याची मात्र कोणी घोषणा करत नाही. किती मारली याची नोंद नसते, किती उरली याचीही नसते. जपानमध्ये मुंगूस मारले गेले ते उपद्रवी परका प्राणी म्हणून, आणि भारतात मारले जाते ते अंगावरच्या केसांसाठी. हे केस रंगाच्या कुंचल्यात जातात. कुंचला दुकानात, शाळेच्या दप्तरात, कलाशिक्षणाच्या वर्गात आणि फलक रंगवणाऱ्याच्या डब्यात पोहोचतो. तो हातात घेणाऱ्या बहुतेकांना आपण एका वन्य प्राण्याची फर वापरत आहोत याची कल्पनाही नसते.

एखादा प्राणी सापळ्यात पकडून मारणे केव्हा समर्थनीय ठरते, हा प्रश्न या दोन घटना शेजारी ठेवल्या की टाळता येत नाही. ‘कधीच नाही’ हे त्याचे एक उत्तर आहे आणि ‘उपयोग असेल तेव्हा’ हे दुसरे. विज्ञानाचे उत्तर या दोहोंहून अधिक कडक आहे. मारण्यापूर्वी आणि मारल्यानंतर मोजणी करण्याची तयारी नसेल, तर त्या मारण्याला व्यवस्थापन म्हणता येत नाही आणि वापरही म्हणता येत नाही. ती निव्वळ लूट असते.

आधी उपद्रवाची बाजू पाहू. १८७२ मध्ये जमैकातील ऊसमळ्यांचे मालक डब्ल्यू. बँक्रॉफ्ट एस्प्युट यांनी कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवून बेटावर सोडली. उसाची नासाडी करणारे उंदीर त्यांनी खावेत, असा हेतू होता. सुरुवातीला फायदा दिसला आणि मुंगसाची कीर्ती पसरली. १८८३ मध्ये जमैकातून ती हवाईला नेली गेली. कॅरिबियन समुद्रातील अनेक बेटांवरही ती पोहोचली. उंदीर संपले नाहीत. मुंगसांनी मात्र जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरडे आणि बेडूक यांच्याकडे मोर्चा वळवला. कॅरिबियनच्या काही बेटांवर तर ते रेबीजचेही वाहक बनले. आज छोटे भारतीय मुंगूस जगातील सर्वाधिक घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत आहे.

अमामीची कथाही याच वळणाची आहे. १९७९ मध्ये तिथे सुमारे तीस मुंगसे सोडली गेली, ती हाबू नावाच्या विषारी सापाचा बंदोबस्त करण्यासाठी. हाबू निशाचर आणि मुंगूस दिवसा हिंडणारे, त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडत असे. मुंगसांना सोपे भक्ष्य मिळाले ते अमामी सशाच्या रूपाने. गडद रंगाचा हा प्राचीन वंशाचा ससा जगात केवळ दोन बेटांवर आढळतो. सन २००० च्या सुमारास बेटावरील मुंगसांची संख्या दहा हजारांच्या घरात गेल्याचा अंदाज होता. त्यानंतर जे घडले ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. प्रत्येक सापळा कुठे आणि किती दिवस लावला, त्यात काय सापडले याची नोंद ठेवली गेली. तेवढ्याच सापळ्यांत सापडणारी मुंगसे वर्षागणिक किती कमी होतात, यावरून उरलेल्या संख्येचे अनुमान काढले गेले. शेवटचे मुंगूस २०१८ च्या एप्रिलमध्ये सापडले. तरीही लगेच विजयाची घोषणा झाली नाही. सहा वर्षे कॅमेरे आणि कुत्रे शोध घेत राहिले. प्राणी दिसत नाही म्हणजे तो नाहीच, असे मानण्यापूर्वी गणिताने खात्री करून घेतली गेली. दरम्यान ससे आणि इतर स्थानिक जीव सावरत असल्याच्याही नोंदी झाल्या.

म्हणजे प्राणी मारले गेले, पण का, किती आणि त्याचा परिणाम काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिथे उपलब्ध आहेत. या मोहिमेवर नैतिक आक्षेप घेता येईल. मुंगसाचा स्वतःचा काही दोष नव्हता, त्याला माणसाने तिथे नेले होते. पण आक्षेप घेणाऱ्यालाही वाद घालण्यासाठी आकडे मिळतात.

आता फरची बाजू. तिचे ठळक उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेतील रकून. कचऱ्याचे डबे उलथणारा, मक्याच्या शेतात शिरणारा, घराच्या पोटमाळ्यावर पिल्ले घालणारा हा प्राणी तिथे उपद्रवीही मानला जातो आणि फरसाठीही पकडला जातो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत त्यासाठी परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो आणि सापळ्यांच्या प्रकारांवर निर्बंध असतात. शिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या माहितीवरून राज्यांचे वन्यजीव विभाग किती रकून मारले गेले याचे अंदाज प्रसिद्ध करतात. या व्यवस्थेवर टीका भरपूर झाली आहे आणि ती योग्यही आहे. पाय जखडणारे सापळे प्राण्याला दीर्घ यातना देतात. शिवाय सापळे लावणाऱ्यांची संख्या शेतीच्या नुकसानीपेक्षा फरच्या बाजारभावाप्रमाणे वर-खाली होते, हेही उघड झाले आहे. ते उघड झाले ते नोंदी होत्या म्हणूनच. जर्मनीतील अनुभव आणखी बोलका आहे. १९३४ मध्ये हेसे प्रांतातील एडर जलाशयाकाठी रकूनच्या दोन जोड्या सोडल्या गेल्या. आज त्या देशात रकूनांची संख्या लाखांच्या घरात आहे. दरवर्षी प्रचंड संख्येने त्यांची शिकार होते, तिचे आकडे छापून येतात आणि तरीही त्यांचा प्रसार थांबलेला नाही. पुष्कळ मारणे म्हणजे नियंत्रण नव्हे, हा धडाही मोजणीमुळेच मिळाला.

या दोन्ही बाजूंच्या प्रकाशात भारतातील मुंगसाकडे पाहिले पाहिजे. भारतात मुंगसाच्या सहा प्रजाती आढळतात. त्यांतील करडे मुंगूस गावकुसाबाहेर, शेताच्या बांधावर, शहरांच्या कडेच्या झुडपांत सहज दिसते. चंदीगडने त्याला आपला प्रतीक-प्राणी मानले आहे. उंदीर, कीटक, विंचू, सरडे, साप, पक्ष्यांची अंडी असा त्याचा आहार असतो. नागाच्या विषाला ते बऱ्याच अंशी दाद देत नाही, याचे कारणही विज्ञानाने शोधले आहे. मुंगसाच्या स्नायूंवरील ग्राहक-प्रथिनाची रचना किंचित वेगळी असल्याने चेतातंतूंवर परिणाम करणारे विष तिथे नीट चिकटू शकत नाही. परदेशी बेटांवर अनर्थ घडवणारा हा प्राणी आपल्या भूमीत अन्नजाळ्याचा जुना आणि उपयुक्त घटक आहे. ‘उपद्रवी’ हे विशेषण प्राण्याच्या अंगी चिकटलेले नसते. तो कुठे आहे आणि कोणाच्या सोबत आहे यावर ते ठरते.

मुंगसाचा घात त्याच्या केसांनी केला. हे केस राठ पण लवचिक असतात, टोकाशी निमुळते होतात, रंग धरून ठेवतात आणि दाबल्यावर पुन्हा सरळ होतात. त्यामुळे कुंचल्यांसाठी त्यांना मागणी आहे. वन्यजीव क्षेत्रातील संस्थांनी मांडलेल्या हिशेबानुसार एका मुंगसापासून तीस-चाळीस ग्रॅम केस मिळतात आणि त्यांतले वीसेक ग्रॅमच कुंचल्याच्या उपयोगाचे असतात. म्हणजे एक किलो निवडक केसांसाठी सुमारे पन्नास मुंगसे मारावी लागतात. देशभरात यासाठी दरवर्षी किती मुंगसे मरतात याचे अंदाज पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत दिले जातात. दोन अंदाजांत दुपटीचे अंतर असणे हेच परिस्थितीचे खरे वर्णन आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ ही मोहीम राबवली. उत्तर प्रदेश, राजस्थान, महाराष्ट्र, केरळ अशा राज्यांत छापे पडले. हजारो कुंचले आणि शंभर किलोंहून अधिक कच्चे केस जप्त झाले. वरच्या हिशेबाने पाहिले, तर शंभर किलो निवडक केस म्हणजे पाच हजार मुंगसे. एवढ्या संख्येने वाघांची किंवा बिबट्यांची कातडी सापडली असती, तर देश हादरला असता. केसांच्या गड्ड्यांनी तसे काही घडले नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फरच्या कोटात प्राणी डोळ्यांना दिसतो. त्याचा पोत, रंग, कधी शेपूट, कधी तोंडही दिसते. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत फरविरोधी जनमत उभे राहू शकले. भारतानेही २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर बंदी घातली. कुंचल्यात मात्र प्राणी दिसत नाही. लाकडी दांडा, पत्र्याची चकचकीत कडी आणि पुढे चार-दोन ग्रॅम तपकिरी केस, एवढेच दिसते. मारणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये पारधी, दलाल, केस साफ करणारा, कारखानदार, घाऊक व्यापारी आणि दुकानदार अशी लांब साखळी असते. त्या साखळीच्या टोकाला उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला अपराधी वाटण्याचे कारणच उरत नाही.

कायदा या बाबतीत दुबळा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने मुंगसाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली. वाघाला जे संरक्षण आहे तेच आता मुंगसाला आहे. त्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. याच अधिनियमाच्या ६२ व्या कलमाखाली काही प्राण्यांना ठरावीक प्रदेशापुरते आणि ठरावीक काळापुरते उपद्रवी घोषित करता येते. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांच्याबाबत तसे करण्यात आले. आता ही तरतूद केवळ दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांना लागू आहे. त्यामुळे मुंगूस उपद्रवी ठरवून मारण्याचा मार्ग बंद आहे आणि वापरासाठी मारण्याचाही. तरीही व्यापार चालतो. याचा अर्थ अडचण कायद्याच्या मजकुरात नाही.

या चर्चेत तीन आक्षेप हमखास घेतले जातात आणि तिन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा, की मुंगूस दुर्मीळ नाही, ते सर्वत्र दिसते आणि वर्षातून एकाहून अधिक वेळा विते, मग काही हजार मेल्याने काय बिघडते? जागतिक लाल यादीतही करडे मुंगूस ‘चिंता नसलेल्या’ गटात आहे. पण त्या गटात असणे म्हणजे किती मारले तरी चालेल याचा परवाना नव्हे. वाघांची देशव्यापी गणना दर चार वर्षांनी होते. २०२२ च्या गणनेत ३,६८२ वाघांचा सरासरी अंदाज निघाला, कारण त्यामागे प्रचंड श्रम आणि निधी होता. मुंगसाची अशी कोणतीही राष्ट्रीय गणना नाही. त्याचे मुख्य वसतिस्थान म्हणजे शेतजमीन आणि गावकूस, तर आपली मोजणीची यंत्रणा जंगलात आहे. ‘पुष्कळ आहेत’ हे विधान डोळ्यांच्या सवयीवर उभे आहे. गिधाडेही एके काळी पुष्कळ होती. १९९० च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याला कारणीभूत असल्याचे सिद्ध होईपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची बहुतांश संख्या संपलेली होती. सामान्य प्राण्याची घट उशिरा ध्यानात येते, कारण तो सामान्य आहे असे समजून त्याच्याकडे कोणी पाहतच नाही.

दुसरा आक्षेप उपजीविकेचा. मुंगूस पकडणारी माणसे बहुधा भूमिहीन आणि गरीब असतात. पारंपरिक शिकारी समाजांना आजही पुरेसे पर्याय मिळालेले नाहीत. उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे कुंचले बनवणाऱ्यांचे गाव, तिथल्या असंख्य कुटुंबांचे पोट याच धंद्यावर आहे. हा आक्षेप खरा आहे आणि केवळ छाप्यांनी त्याचे उत्तर मिळत नाही. पण कुंचला बनवण्याचे कौशल्य केसांवर अवलंबून नाही. केस जुळवणे, टोक राखणे, कडीत घट्ट बसवणे ही कारागिरी कृत्रिम धाग्यालाही तशीच लागते. कारागिराला नव्या कच्च्या मालाकडे वळवणे शक्य आहे, मात्र त्यासाठी प्रशिक्षण, भांडवल आणि खात्रीचा ग्राहक लागेल. पारध्याला पुनर्वसन हवे आहे. साखळीतला सर्वांत कमी कमावणारा माणूस तुरुंगात आणि सर्वांत जास्त कमावणारा मोकळा, असे चित्र राहिले तर कायद्याची न्याय्यताच संशयास्पद होते.

तिसरा आक्षेप कलेचा. मुंगसाच्या केसांसारखा परिणाम कृत्रिम धाग्यात मिळत नाही, असे काही चित्रकार मानतात. काही वर्षांपूर्वी त्यात तथ्य असेलही. आज निमुळत्या टोकाचे, वेगवेगळ्या ताठरपणाचे कृत्रिम धागे उपलब्ध आहेत आणि जगभरातील व्यावसायिक चित्रकार ते वापरतात. शिवाय कलेने हस्तिदंताशिवाय जगायला शिकून घेतले आहे, तर कुंचल्याचे काही केस सोडणे तिला जड जाऊ नये.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे मोजणी, आणि तिची सुरुवात मोठ्या निधीची वाट न पाहता होऊ शकते. ठरलेल्या पायवाटेवरून ठरलेल्या वेळी चालत जाऊन दिसलेले प्राणी नोंदवणे, ही जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात शिकवली जाणारी साधी पद्धत आहे. देशातील शेकडो महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील शेतशिवारात ती वर्षानुवर्षे एकाच रीतीने राबवली, तर मुंगसांची नेमकी संख्या नाही तरी वाढ-घटीचा कल निश्चित हाती येईल. अमामीच्या शास्त्रज्ञांचे बळ महागड्या यंत्रांपेक्षा एकाच पद्धतीच्या सातत्यात होते.

दुसरी गोष्ट म्हणजे मागणीच्या टोकाला हात घालणे. शाळा, कलामहाविद्यालये आणि सरकारी कार्यालये कुंचले मोठ्या प्रमाणात घेतात. साहित्याच्या यादीत ‘ब्रश’ एवढेच न लिहिता ‘कृत्रिम धाग्याचा ब्रश’ असे लिहिणे हा एका ओळीचा बदल आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तपासणी. कृत्रिम धागा ज्योतीजवळ वितळून त्याचा गोळा होतो, तर केस जळताना त्याचा ओळखीचा वास येतो. पण यावरून तो केस मुंगसाचाच हे सिद्ध होत नाही, कारण डुक्कर, बकरी आदींचे केसही कुंचल्यात वापरले जातात. मुंगसाच्या केसावर गडद आणि फिकट असे आळीपाळीने पट्टे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या बाह्य आवरणाची रचना तपासता येते आणि डीएनएवरून प्रजातीही ओळखता येते. न्यायालयात टिकणारा पुरावा असा उभा राहतो. हे तंत्र मोजक्या केंद्रीय प्रयोगशाळांपुरते न राहता राज्यांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत रुजले पाहिजे.

पंचतंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगूस यांची कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बाळाचे रक्षण करणाऱ्या मुंगसाच्या तोंडाला रक्त पाहून आईने त्याला मारले, आणि मग पाळण्याजवळ मेलेला साप दिसला. त्या आईच्या हातून चूक झाली, पण निदान तिने पाळण्यात डोकावून पाहिले. आपण अजून तेवढेही केलेले नाही. दरवर्षी हजारो मुंगसे मरतात आणि त्यांच्या जाण्याने शेतात, बांधावर, उंदरांच्या बिळांत काय बदलते हे पाहायला कोणी जात नाही. जपानने आपल्या बेटावरचे शेवटचे मुंगूस कधी सापडले याची तारीख सांगितली. भारतातील मुंगूस नाहीसे होऊ नये यासाठी आधी ते किती आहे, हे सांगता येण्याची पात्रता या देशाच्या विज्ञानाने मिळवायला हवी. तोपर्यंत ब्रश घेताना तो कशाचा आहे, एवढा प्रश्न दुकानदाराला विचारणे प्रत्येक ग्राहकाच्या हातात आहे.